सुट्या पैशांतून ५६ ठिकाणे : अमेरिकेच्या उद्यान-क्वार्टरचा संग्रह कसा जमवावा

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहून परतलेल्या आई-वडिलांच्या सामानात सुटी नाणी हमखास उरतात. इकडे परकीय चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग ती नाणी कपाटातल्या एखाद्या डबीत पडून राहतात. तुमच्या घरी अशी डबी असेल तर तिच्यातली पाव डॉलरची, म्हणजे २५ सेंटची 'क्वार्टर' नाणी वेगळी काढा आणि एकेक उलटे करून बघा. एखाद्यावर जमिनीतून उसळणारा उष्ण पाण्याचा फवारा आणि त्याच्यासमोर बायसन दिसेल, एखाद्यावर पंख पसरून बसलेला पाणपक्षी, तर एखाद्यावर कापडगिरणीत मागावर काम करणारी मुलगी. ही नाणी 'अमेरिका द ब्यूटिफुल' मालिकेतली. राष्ट्रीय उद्याने, जंगले, रणभूमी आणि वारसास्थळे यांच्यासाठी २०१० ते २०२१ या काळात अशी ५६ नाणी काढली गेली.

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी हीच मालिका सुचवतो. ही नाणी रोजच्या व्यवहारात फिरतात, त्यामुळे पंचवीस सेंटचे नाणे पंचवीस सेंटलाच मिळते. चुकून दोनदा तेच घेतले तरी दुकानात खर्च करून टाकता येते. इतका बिनजोखमीचा छंद दुसरा सांगता येणार नाही. मात्र यात पैसे गुंतवून पुढे श्रीमंत होऊ, या कल्पनेने कोणी येत असेल तर त्याने बँकेतली मुदत ठेव बघावी.

मालिकेची घडण

२००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत यासाठी कायदा झाला. प्रत्येक राज्यातले एक ठिकाण, राजधानीचा वॉशिंग्टन डी.सी. हा जिल्हा आणि पाच प्रदेश : पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन समोआ, यू.एस. व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना आयलंड्स. ५० अधिक १ अधिक ५, असा ५६ चा हिशेब. दर वर्षी पाच नाणी यायची आणि शेवटच्या वर्षी, २०२१ मध्ये, एकच आले : अलाबामातल्या टस्कीगी एअरमेन स्थळाचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचे.

नाण्यांचा क्रम राज्यांच्या वर्णानुक्रमाने नाही. जे ठिकाण सरकारने आधी राखून ठेवले त्याचे नाणे आधी. म्हणून पहिला मान आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला मिळाला, कारण ती जागा १८३२ मध्येच राखीव झाली होती. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ज्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे ते यलोस्टोन १८७२ चे, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर. त्यानंतर २०१० मध्येच योसेमिटी, ग्रँड कॅन्यन आणि ओरेगनचे माउंट हूड. हा क्रम एकदा डोक्यात बसला की नाणी बसवायच्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमधले कोणते भोक कशासाठी आहे ते शोधत बसावे लागत नाही.

पहिली पायरी : नाणे ओळखा

या मालिकेत छापा सगळीकडे सारखाच, जॉर्ज वॉशिंग्टन यांचा डावीकडे पाहणारा चेहरा. वेगळेपण काट्याच्या बाजूला असते. उद्यान-क्वार्टरवर मधल्या गोल चौकटीत चित्र आणि कडेच्या पट्टीत वर स्थळाचे नाव, बाजूला राज्याचे नाव आणि नाण्याचे वर्ष. वर्ष चेहऱ्याच्या बाजूला शोधू नका, ते इथेच असते.

नवख्यांची गल्लत होते ती आधीच्या मालिकेशी. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत प्रत्येक राज्याचे एकेक क्वार्टर निघाले आणि त्यांतल्या काहींवरही हीच ठिकाणे आहेत. माउंट रशमोरचे चार चेहरे साउथ डकोटाच्या २००६ च्या नाण्यावर आहेत आणि २०१३ च्या उद्यान-क्वार्टरवरही. ग्रँड कॅन्यन ॲरिझोनाच्या २००८ च्या नाण्यावर, योसेमिटी कॅलिफोर्नियाच्या २००५ च्या. ओळखायची खूण सोपी आहे : राज्य-क्वार्टरवर दोन वर्षे असतात. वरचे वर्ष ते राज्य संघराज्यात कधी आले त्याचे, खालचे नाणे कधी पाडले त्याचे. 'माझ्याकडे १८५० चे अमेरिकन नाणे आहे' म्हणून हरखून गेलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा कॅलिफोर्नियाचे २००५ चे नाणे असते. ही राज्य-क्वार्टरही जमवण्यासारखी आहेत, पण वेगळ्या फोल्डरमध्ये.

आता छाप्याकडे वळा. वॉशिंग्टन यांच्या शेंडीला बांधलेल्या फितीच्या उजवीकडे एक बारीक अक्षर असते. ती टांकसाळीची खूण. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि डब्ल्यू म्हणजे न्यूयॉर्क राज्यातले वेस्ट पॉइंट. चाळिशी उलटली असेल तर भिंग घ्या. मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनही चालते. संग्रहाचा अर्धा खेळ या एका अक्षरावर आहे.

दुसरी पायरी : काय जमवायचे ते ठरवा

सर्वांत साधे उद्दिष्ट म्हणजे ५६ ठिकाणांचे प्रत्येकी एक नाणे, टांकसाळ कोणतीही असो. किंमत १४ डॉलर, तीही नाण्यांवर छापलेलीच. मुलांबरोबर किंवा नातवंडांबरोबर करायचे असेल तर इथेच थांबा.

पुढचा टप्पा पी आणि डी दोन्ही, म्हणजे ११२ नाणी. याला थोडी चिकाटी लागते, कारण फिलाडेल्फियाची नाणी साधारणपणे पूर्वेकडे आणि डेन्व्हरची पश्चिमेकडे फिरतात. पूर्वेकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्याला पीचा कंटाळा येईल आणि पश्चिमेकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणाऱ्याला डीचा. पण प्रत्येक मराठी घराचे कोणी ना कोणी दुसऱ्या किनाऱ्यावर असतेच. भावाला, मैत्रिणीला, कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटाला सांगा आणि अदलाबदल करा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातही अशी अदलाबदल सहज होऊ शकते, फक्त कोणीतरी आधी विषय काढायला हवा.

एस खूण असलेल्या नाण्यांच्या मागे सुट्या पैशांत धावू नका. २०१२ पासून टांकसाळीने सॅन फ्रान्सिस्कोची साधी क्वार्टरही काढली, पण ती व्यवहारासाठी नव्हती. पिशव्या आणि रोल करून थेट संग्राहकांना जास्त किमतीला विकली. एखादे कोणी खर्च केल्यामुळे चुकून हाती आले तर ठेवून द्या, पण त्यासाठी संग्रह अडवू नका. डब्ल्यूची गोष्ट मात्र वेगळी, ती पुढे सांगतो.

तिसरी पायरी : नाणी कुठून मिळवायची

आधी स्वतःचे घर. गाडीतला कपहोल्डर, लाँड्रीसाठी जमवलेला डबा, मुलांची गुल्लक. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांच्या घरी क्वार्टरचा साठा असतोच, कारण जुनी वॉशिंग मशीन दुसरे काही खात नाहीत. आल्डी या किराणा दुकानात सामान ढकलायची गाडी सोडवायलाही क्वार्टरच लागते. काही दिवस रोख पैसे द्यायची सवय लावून घ्या आणि सुटे परत आले की खिशात टाकण्यापूर्वी उलटे करून बघा. कार्ड आणि फोनने पैसे देणाऱ्यांच्या हाताला नाणे लागतच नाही, ही या छंदाची आजची खरी अडचण.

घरचे संपले की बँक. ज्या बँकेत खाते आहे तिथे खिडकीवर जाऊन 'क्वार्टरचे रोल हवेत' म्हणून सांगा. एका रोलमध्ये ४० नाणी, किंमत १० डॉलर. वेष्टनावर नारिंगी पट्टे असतात. नव्याकोऱ्या एकाच प्रकारच्या नाण्यांचा रोल मागू नका, ग्राहकांनी भरून दिलेले हाती गुंडाळलेले रोल असतील तर ते मागा. त्यात वर्षानुवर्षांची सरमिसळ असते आणि कधी कोणाच्या आजोबांची गुल्लकही रिकामी झालेली असते. घरी टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरा, रोल फोडा, हवी ती काढा, जागी दुसरी क्वार्टर भरून रोल पूर्ण करा आणि परत जमा करा. जमा करताना वेगळ्या शाखेत जा. त्याच खिडकीवरून घेतलेली नाणी तिथेच परत नेऊन दिली तर पुढच्या आठवड्यात तीच तुमच्या वाट्याला येतील आणि खिडकीवरचा माणूसही वैतागेल.

रोल तपासताना नाण्याच्या कडेकडेही लक्ष ठेवा. साध्या क्वार्टरच्या आत तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या मिश्रणाचा थर असतो, म्हणून कडेला तांबूस रेघ दिसते. ज्याच्या कडेला रेघच नाही, सगळे पांढरेशुभ्र आहे, ते बाजूला काढा. १९६४ पर्यंतच्या क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी होती आणि तशी नाणी अजून क्वचित व्यवहारात सापडतात. उद्याने शोधता शोधता चांदी हाती लागली तर नाही कोण म्हणेल?

सगळी ५६ सारख्या सहजतेने मिळत नाहीत. २०१० मध्ये मंदीमुळे नाण्यांना मागणीच कमी होती, त्यामुळे पहिल्या पाच ठिकाणांची नाणी कमी पाडली गेली. २०१२ चीही तीच कथा. न्यू मेक्सिकोतल्या चाको कल्चरचे नाणे फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर दोन्हीकडे प्रत्येकी फक्त २ कोटी २० लाख पाडले. अमेरिकेच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, कारण नंतरच्या वर्षांत एकेका टांकसाळीतून एकाच ठिकाणाची याच्या कितीतरी पट नाणी निघाली. म्हणून २०१० आणि २०१२ चे नाणे दिसले की झिजलेले असले तरी ठेवा, चांगले मिळाले की बदला.

डब्ल्यू : शोधाची खरी मजा

२०१९ मध्ये अमेरिकी टांकसाळीने एक गंमत केली. वेस्ट पॉइंटला साध्या व्यवहारातली नाणी डब्ल्यू खुणेने कधीच काढली नव्हती. त्या वर्षी प्रत्येक उद्यान-क्वार्टरची २० लाख नाणी तिथे पाडली आणि फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या ढिगांत मिसळून व्यवहारात सोडली. २०२० मध्ये पुन्हा तसेच. त्या वर्षीच्या डब्ल्यू नाण्यांवर दुसरे महायुद्ध संपल्याच्या पंचाहत्तरीनिमित्त चेहऱ्याच्या बाजूलाच 'व्ही ७५' अशी छोटी खूणही आहे. दोन वर्षांची मिळून दहा ठिकाणे, एकूण २ कोटी नाणी. ती विकत मिळत नव्हती, सुट्या पैशांतच शोधायची होती.

म्हणजे २०१९ आणि २०२० चे क्वार्टर हातात आले की आधी अक्षर बघायचे, मग चित्र. टेक्सासचे सॅन अँटोनियो मिशन्स, आयडाहोचे फ्रँक चर्च अभयारण्य, ग्वाम, नॉर्दर्न मारियाना, मॅसॅच्युसेट्सचे लोवेल ही २०१९ ची. अमेरिकन समोआ, कनेक्टिकटचे वीअर फार्म, यू.एस. व्हर्जिन आयलंड्सचे सॉल्ट रिव्हर बे, व्हरमाँटचे मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर आणि कॅन्ससचे टॉलग्रास प्रेअरी ही २०२० ची. वापरलेले डब्ल्यू नाणेही दर्शनी किमतीच्या अनेक पट किमतीला जाते, म्हणून सापडल्यावर इतर नाण्यांबरोबर खुळखुळू देऊ नका. लगेच वेगळ्या पाकिटात.

मधेच थोडे : चित्र वाचायला शिका

भोके भरायच्या नादात बरेच जण चित्राकडे बघतच नाहीत. मला हा अन्याय वाटतो. न्यू जर्सीचे २०१७ चे नाणे घ्या. त्यावर एलिस आयलंडवर उतरलेले स्थलांतरित कुटुंब आहे, चेहऱ्यांवर आशाही आहे आणि धास्तीही, मागे बेटावरचे इस्पितळ. १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास माणसे या बेटावरून अमेरिकेत शिरली. बेट तर न्यूयॉर्कच्या बंदरात, मग नाण्यावर न्यू जर्सी कसे? भराव टाकून वाढवलेला बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. त्याचे पडसाद नाण्यावर उमटले.

गिरणगावात ज्यांची आधीची पिढी गेली त्यांनी लोवेलचे नाणे जरूर मिळवावे. मागावर काम करणारी गिरणीतली मुलगी, आणि खिडकीतून दिसणारा गिरणीचा घड्याळाचा मनोरा. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या गिरण्या दक्षिणेत गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तो कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, शेअरांचे वेड लागले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. त्या एका क्वार्टरवरच्या धाग्याचे दुसरे टोक असे आपल्याकडे आहे.

डेलावेअरचे बॉम्बे हूक मात्र नुसते नावाने फसवते. तो पाणपक्ष्यांचा दलदलीचा आसरा आहे, नाव जुन्या डच वसाहतीतून आलेले, मुंबईशी काही घेणेदेणे नाही. अमेरिकन समोआच्या नाण्यावर झाडाला लटकलेली फळवटवाघळाची आई आणि तिला बिलगलेले पिल्लू आहे. ते बाहेर आले २०२० च्या सुरुवातीला, नेमके जगभर वटवाघळांना शिव्या पडत होत्या तेव्हा. नेब्रास्काचे २०१५ चे नाणे म्हणजे फुकट जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याची आठवण. आणि नेवाडाच्या ग्रेट बेसिनवर जे वेडेवाकडे झाड आहे ते ब्रिसलकोन पाइन, हजारो वर्षे जगणारे. ज्या ठिकाणी तुम्ही जाऊन आला आहात त्याचे नाणे सापडले की त्या भेटीची तारीख फोल्डरमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवा. असा संग्रह कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

चौथी पायरी : ठेवायचे कसे

सगळ्यांत महत्त्वाचे आधी सांगतो : नाणे घासू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, पितांबरी तर अजिबात नको. देवाची भांडी लख्ख होतात म्हणून नाणीही करावीत असे वाटणे साहजिक आहे, पण घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात, मूळ झळाळी कायमची जाते आणि कोणताही जाणकार ते लांबून ओळखतो. फारच चिकट असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बुडवा, स्वच्छ पाण्यातून काढा, मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसू नका. नाणे बोटांच्या चिमटीत कडेने धरा, चित्रावर अंगठा टेकवू नका.

सुरुवातीला पुठ्ठ्याचा छापील फोल्डर पुरे. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी नाव लिहिलेले भोक असते आणि नाणे दाबून बसवायचे असते. अमेरिकेत तो पुस्तकांच्या दुकानातही मिळतो. घेताना पी-डी दोन्हीचा आहे की एकेकाचा, ते बघून घ्या. डब्ल्यू आणि कोऱ्या करकरीत नाण्यांसाठी पारदर्शक खिडकी असलेले चौकोनी पुठ्ठे मिळतात, ते स्टेपल करून बंद करतात. मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे पाकीट टाळा. पीव्हीसी असेल तर काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. बँकेच्या जुन्या पासबुकाच्या कव्हरात नाणी ठेवणाऱ्यांना हे खास सांगणे आहे.

संग्रह भारतात आणणार असाल, विशेषतः मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात, तर पावसाळ्याची तयारी हवी. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या वरचेवर बदलणे. विमानात फोल्डर हातातल्या बॅगेत ठेवा. तपासणीत धातूचा ढीग दिसला की उघडून दाखवायला सांगतात, तेवढी तयारी ठेवली की झाले.

पाचवी पायरी : उरलेली भोके विकत घेताना

चिकाटीने शोधूनही काही भोके रिकामी राहतीलच. ती विकत घ्यायला हरकत नाही, पण हिशेब डोक्यात ठेवा. साध्या पी-डी नाण्याची मूळ किंमत २५ सेंट आहे. दुकानदार त्यावर आपला नफा लावणार, तो लावू द्या, पण 'दुर्मीळ' म्हणून दहापट सांगत असेल तर पुढे चला. भारतातल्या नाणे-प्रदर्शनांत हीच नाणी परदेशी म्हणून भाव खाऊन जातात. तिथे घासाघीस करायला लाजू नका.

सोन्याचा मुलामा दिलेली, रंगीत चित्र लावलेली क्वार्टर घेऊ नका. ती टांकसाळीने काढलेली नसतात. खासगी व्यापारी साध्या नाण्यावर मुलामा देऊन विकतात आणि संग्राहकाच्या लेखी ते खराब झालेले नाणे असते. टांकसाळीच्या खास नाण्यांचे जग वेगळे आहे. आरशासारखी चकाकणारी प्रूफ नाणी, चांदीची प्रूफ नाणी, आणि याच चित्रांची पाच औंस शुद्ध चांदीची तीन इंची चकती, जिच्यावर गमतीने 'क्वार्टर डॉलर' असेच लिहिलेले असते. ती सुंदर आहेत, पण चांदीच्या नाण्यांची किंमत चांदीच्या भावावर ठरते. पहिला फोल्डर भरेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत. महाग नाणे घ्यायचेच असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची पारख करणाऱ्या कंपन्यांनी प्रत ठरवून सीलबंद केलेले घ्या आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या नोंदीत पडताळून पाहा.

दुबार निघालेली नाणी साठवत बसू नका. अदलाबदलीपुरती ठेवा, बाकीची खर्च करा. २०२२ ते २०२५ मध्ये अमेरिकन स्त्रियांची मालिका आली, तिची २० नाणी याच रोलमध्ये सापडतील. त्यांच्यासाठी वेगळा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवा, नाहीतर रोल दोनदा फोडावे लागतील.